स्ट्रॅथकार्नची विहीर

दाऊदभाई डोळे मिटून स्कॉटलंडमधल्या एका गावात जायचे. लायब्ररीच्या खुर्चीत बसल्या बसल्या.

"दगडी पूल ओलांडला की एकच लांब रस्ता. डाव्या अंगाला सराई, तिचे बिछाने ओलसर. पुढं चर्च, मनोरा अर्धवट राहिलेला. चर्चच्या मागं विहीर, पाणी गोड." मग डोळे उघडून मला म्हणायचे, "पोचलो, बाय."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कुवेतमध्ये, अहमदीच्या इस्पितळात लॅब टेक्निशियन होते आणि ड्यूटी संपली की तेल कंपनीच्या क्लबच्या लायब्ररीत जायची. दाऊदभाई तिथले कारकून, मूळचे मुरुडकडच्या खाडीकाठचे. उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं. पूर्वीच्या गोऱ्या साहेबांनी जाताना सोडलेली पुस्तकं एका कपाटात होती; स्कॉटलंडची प्रवासवर्णनं, जुनी गॅझेटियरं. ती कुणी नेत नसे. दाऊदभाईंनी सगळी वाचली होती, आणि त्यांतलं स्ट्रॅथकार्न हे एवढंसं गाव त्यांना तोंडपाठ होतं.

"ह्या लिहिणारांची तऱ्हा बघ," ते म्हणायचे. "आधी मोठं शहर किती मैलांवर ते सांगणार. मग पाऊस. मग पूल, चर्च, बाजाराचा वार. माणसांना एकच ओळ, काटकसरी नि देवभीरू. झालं गाव! एक रात्र उतरायचं नि सकाळी पावसाला शिव्या देत निघायचं."

"मग तुम्हाला तेच गाव का आवडतं?"

"तिथं माझी कोण वाट बघत नाय."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मी पुढं विचारलंच नाही. नंतर दुसऱ्यांकडून कळलं. बायको गेल्याची तार आली, पण कुवेत सोडायची कागदपत्रं होईपर्यंत तिची माती उरकली होती. मग ते गेलेच नाहीत. चौदा वर्षं झाली होती. मुलगा मामाकडे वाढत होता.

एका दुपारी ग्रीर नावाचे एक वयस्क इंजिनिअर पुस्तक परत करायला आले. मी तिथंच होते. ते मूळचे स्ट्रॅथकार्नचे निघाले. दाऊदभाई उठून उभे राहिले आणि त्यांनी पुलापासून विहिरीपर्यंतचा रस्ता इंग्रजीत म्हणून दाखवला. ग्रीरसाहेब हसले.

"विहीर?" ते म्हणाले. "ती माझ्या आजोबांच्या जन्माआधीच बुजवली. सराईही नाही. तुमच्या लेखकांनी एकमेकांचं पाहून लिहिलंय. त्यातले निम्मे तरी तिथं गेले असतील की नाही, कोण जाणे."

ते गेल्यावर दाऊदभाईंनी सगळी पुस्तकं टेबलावर काढली आणि एकेक उघडून पाहिली. विहीर प्रत्येकात होती. शब्दही तेच. पाणी गोड.

"बाय," ते हळूच म्हणाले, "घरी पण मी असाच जातो. डोळे मिटून. ओटीवर ती बसलेली असते, पोरगा पाच वर्षांचा."

त्या वर्षी त्यांनी घरी जायला रजा घेतली.

महिन्याभरानं परतले तेव्हा मी धावतच गेले. "कसं आहे गाव?"

त्यांनी टेबलावरचे शिक्के नीट लावले. "पच्छिमेला खाडी," म्हणाले. "मशिदीपर्यंत रस्ता पक्का झालाय. माणसं भली. पाहुण्याला खुर्ची देतात, थंड पाणी देतात."

"कुठल्या पाहुण्याला?"

"मला," दाऊदभाई म्हणाले. "पोरगा मला अहो-जाहो करत व्हता."

ते कपाट त्यांनी त्यानंतर उघडलेलं मी पाहिलं नाही. डोळे मिटून बसणंही थांबलं. वाचकांशी बोलायचे, पण समोरचा माणूस तिथं नसल्यासारखं त्याच्या मागं बघत. पुढच्या थंडीत एका सकाळी ते खोलीतून कामावर आलेच नाहीत. झोपेतच गेले होते. दफन कुवेतमध्येच झालं.

काही महिन्यांनी मुलगा नोकरीसाठी कुवेतला आला आणि पत्ता विचारत माझ्याकडे पोचला. वीस-एकवीस वर्षांचा, वडिलांसारखाच उंच. मी त्याला बसवलं, चहा ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, अब्बा चहात साखर किती घ्यायचे?"

"दोन चमचे," मी म्हणाले.

"मलाही दोन घाला," तो म्हणाला.