रोट खाल्लेला मुकादम

तुझ्या आईने मोर्चातला फोटो पाठवला. कानटोपी घालून, 'पृथ्वी वाचवा' अशी पाटी धरून तू उभी आहेस. अक्षरांमधलं अंतर सारखं आहे, ते पाहून बरं वाटलं. धाकट्याची पाटी उलटी आहे. त्याला सांग, अशी पाटी मीही रंगवली होती, सुरतेला, नव्वदच्या दशकात.

आम्ही नवागामच्या कडेला राहायचो. घरामागे जुनं गावतळं होतं. तळ्यात पाणी असेपर्यंत आमच्या हातपंपाला पाणी. पाऊस वर्षागणिक लहरी होत चालला होता, त्यामुळे मे महिन्यात सगळ्या वस्तीचा जीव त्या तळ्यावर टांगलेला असायचा. तेच बुजवून एका कापडवाल्या शेठला गोदाम बांधायचं होतं. मी इंग्रजी आणि मराठीत सुबक पाटी रंगवून काठावर रोवली. दुसऱ्या दिवशी एक म्हैस तिला पाठ घासत होती. तिसऱ्या दिवशी पाटीवर कुणाची तरी लुंगी वाळत होती.

"हाई पाटी वाचस कोन, बाई?" शेजारच्या काकू म्हणाल्या. त्या खानदेशातल्या, नवरा आणि मुलगे त्याच शेठच्या मागांवर कामाला.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई, त्यांची कुळदेवी, बसायची. रविवारी स्थापना, सोमवारी वाजतगाजत तळ्यात विसर्जन. कुळातल्या माणसागणिक मूठमूठ गहू काढून त्याच्या प्रसादाच्या पोळ्या करतात, त्याला रोट म्हणायचं. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. लग्न झालेल्या लेकीलाही मिळत नाही, मग माझी काय कथा. पाहुण्यांसाठी साध्या पोळ्या वेगळ्या.

त्या रविवारी मी मदतीला गेले. रोट एका टोपलीत फडक्याखाली होता, पोळ्या एका पोचे पडलेल्या पातेल्यात. मला ते बघवेना. मी दोन्ही एकसारख्या चकचकीत डब्यांत भरून ओळीने मांडले.

संध्याकाळी शेठचा मुकादम आला. उद्या दुपारच्या आत विसर्जन उरका, मग भरावाच्या गाड्या येतील, एवढंच त्याला सांगायचं होतं. माणूस गुजराती, वागायला सभ्य, चेहऱ्यावरून उपाशी. मी ताट वाढलं. तो चवीने जेवू लागला आणि वर म्हणाला, "बेन, आवी रोटली अमारे त्यां नथी बनती."

काकू बाहेर आल्या. त्यांनी ताट पाहिलं, डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, याले रोट दिधा तुम्ही?"

रोट म्हणजे काय, ते कुणीतरी मुकादमाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "मने खबर नहोती," तो म्हणाला. "हवे शुं करवानुं?"

"आते काय करशी? पोटमा गया," काकू म्हणाल्या. मग त्या पदर खोचून त्याच्यासमोर बसल्या. त्यांनी पदर खोचला की त्यांच्या नवऱ्याला घाम फुटायचा. "रोट खाये तो भाऊबंद. तू आते मना देर. सकाय देवीले उचलाले ये. आनि मन्हं ऐक, आपलीच कानबाईना तलावमा माती टाकशी का तू?"

त्याने तो घास गिळला.

सोमवारी तो धुतलेला शर्ट घालून आला. देवीचा पाट डोक्यावर घेऊन तो पुढे, मागे ढोल, त्याच्या मागे भरावाच्या गाड्या. रस्ता अरुंद, त्यांना पुढे जाता येईना. शेवटी ड्रायव्हर उतरून नाचायला लागले. विसर्जन झालं आणि मुकादम थेट शेठकडे गेला. तळ्याला हात लावला तर कामगार सगळे माग बंद पाडतील, त्यांत माझेही भाऊबंद आहेत, असं त्याने सांगितलं म्हणे. गोदाम रस्त्याच्या बाजूला सरकलं. तळ्याचा एक कोपरा गेला, बाकीचं राहिलं. पुढच्या मे महिन्यात हातपंप कुरकुरला, पण पाणी देत राहिला.

पुढच्या श्रावणात काकूंचा हा नवा दीर रुमालात गहू बांधून हजर. स्वतःचे, दोन्ही मुलांचे, आणि वर एक मूठ जास्त. ती शेठने पाठवली होती.

मी काकूंना म्हटलं, "आता मलाही रोट द्या की."

काकूंनी डबे माझ्यापासून लांब सरकवले. "तुम्ही कोनता तलाव बुजी ऱ्हायनात, बाई?"