उतरलेल्या सेलवरचं संगीत

रिमास्टर्ड म्हणजे काय, हे थोरल्या भावाला परत परत समजावताना माझा आवाज चढला.

"अरे दादा, मूळ टेप घेतली, खरखर काढली आन् नव्यानं बाहेर आणली. आपलीच कॅसेट हाय ती!"

"ह्ये ते न्हाई," तो म्हणाला आणि भिंतीकडं बघत बसला.

वहिनी गेल्यापासून बेलापूरच्या घरी त्याचं असंच चाललं होतं. विचारलं तर हूं, वाढलं तर जेवण. वहिनीबद्दल तर चकार शब्द नाही. शेवटी त्याच्या सुनेनं मला नगरला फोन केला, "काका, तुमीच काय तरी करा." मी काय करणार, डोंबल! पण त्याच सुमारास आम्ही दोघं ऐकायचो तो जुना अल्बम नव्यानं निघाल्याचं मोबाईलवर दिसलं. आता हा नक्की बोलेल असं वाटलं आणि स्पीकर घेऊन हजर झालो.

ती कॅसेट त्याला साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअरनं बदली होऊन जाताना दिली होती. त्यात गाणं नाही, ठेका नाही. यंत्रातून निघालेले सूर नुसते पसरत जायचे. शेजारी विचारायचे, "टेप बिघडला का काय?" आम्ही दोघं मात्र संध्याकाळी लाईट गेली की ओट्यावर तेच ऐकत बसायचो. आणि आता हाच म्हणतो, हे ते नाही!

"लई घाईत वाजतंय," दादा म्हणाला.

ही तर हद्द झाली. ज्याला ठेकाच नाही त्याला घाई कसली? चिडून स्पीकर उचलायला गेलो आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. सेल! लाईट गेल्यावर टेप सेलवर चालायचा. नवे सेल सिनेमाच्या गाण्यांना, कारण सेल उतरले की गाणारीचा आवाज रेड्यासारखा व्हायचा. उतरलेले सेल आम्ही पत्र्यावर उन्हात ठेवायचो आणि जरा जीव आला की या कॅसेटला लावायचो. हिच्यात कुणी गाणारंच नव्हतं, त्यामुळं टेप ओढत चाललाय हे कधी कळलंच नाही. तिकडं कुणीतरी जीव ओतून एकेक सूर साफ केला आणि आमच्या घरी तो खोटा ठरला. चिडायचं तरी कुणावर?

मोबाईलमध्ये वेग कमी करायची सोय शोधली. भलतंच काहीतरी दाबलं जायचं, मध्येच जाहिरात यायची. मोबाईल आपटावासा वाटला. अखेर सूर खाली आला, जड झाला. दादानं मान वळवली, डोळे मिटले. स्वयंपाकघरातून सून दारात येऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बंद कर आता. तुझ्या वहिनीला जेवताना ह्ये चालत न्हाई."

मी बंद केलं. ती आता नाही रे, असं त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही.