ताडाच्या माथी मारलेलं दुखणं

आमच्या गावात ताडी काढणाऱ्याच्या जांघेत दुखलं की दोष दोराचा. कमरेला दोर आवळून दिवसाला पंधरा-वीस ताड चढायचे, म्हणजे दुखणारच. मीही जन्मभर झाडं चढलो आणि हेच म्हणत आलो.

बुचय्या गौडाचं एक अंड सुजलं, तेव्हा आम्ही जाणत्यांनी एरंडाची पानं भाजून त्यावर घट्ट बांधली. कातडी पोळली, पू झाला, ताप चढला. लघवी करताना हा बाप्या भिंत धरून रडायचा. त्या पानांचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

शेवटी मी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. म्हणाल्या, वृषणामागच्या नळीत जंतू शिरलेत, दोराचा काही संबंध नाही. शेक बंद, थंड फडकं ठेवायचं, लंगोटाचा आधार द्यायचा, पडून राहायचं. मग त्यांनी विचारलं, बाहेर कुणाकडे गेला होतास का? जत्रेत, एकदाच, असं तो पुटपुटला. त्याला इंजेक्शन दिलं आणि गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या, एक त्याची, एक बायकोची. दोघांच्या गोळ्या संपेपर्यंत जवळ जायचं नाही, असंही बजावलं.

पंधरवड्यात तो झाडावर चढला. महिन्याभराने पुन्हा सूज. ताडीच्या दुकानात सगळे म्हणाले, दोर बदल. मी त्याला बाजूला घेऊन दुसऱ्या पुडीचं विचारलं.

"फेकली, मामा. कशाच्या गोळ्या म्हणून सांगू तिला?"

"आणि तिचं पोट दुखतंय ते?"

"बायकांचं असतंच काहीतरी."

मला शिसारी आली. पण त्याची बायको नागव्वा ओटीपोट धरून पाणी भरताना मीही रोज बघत होतो. अशा गोष्टी बाईशी कशा बोलायच्या, म्हणून मान वळवून जात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात उभा राहिलो. ती भाकरी थापत होती. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. बुचय्या आत बाजेवर पडून होता.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"त्याच्याबरोबर दवाखान्यात मीच होतो."

तिने हात धुतले, चूल विझवली आणि नवऱ्याला उठवलं. दोघं पहिल्या बसने गेले. या खेपेला दोघांच्या गोळ्या तिने स्वतःच्या हाताने मोजून दिल्या, आणि दोघंही बरे झाले.

मला मात्र ती आता मामा म्हणत नाही. समोर आलो की थुंकते. बरोबरच करते.