वकिलाची शेळी

आमच्या घरी मोटार आली तेव्हा पौडात एसटी होती, तहसील कचेरीची एक जीप होती आणि बाकी सगळे बैल. अशा गावात आमच्या ह्यांनी, म्हणजे तिथल्याच कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या नवऱ्याने, धरणाकडच्या बंगल्यातून मायदेशी निघालेल्या एका म्हाताऱ्या साहेबाची जुनी गाडी घेतली. दोन दारांची, एवढीशी. चार जण बसतात म्हणे; ते चार जण साहेबाच्या देशात उपाशी राहत असावेत. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. ती घरी आली बैल जुंपून, आणि संध्याकाळपर्यंत गावाने तिचं नाव ठेवलं, वकिलाची शेळी. कान धरून ओढल्याशिवाय ती जागची हलत नसे, म्हणून.

"गाडी बंद नाही, नुसती थकलीय," असं ह्यांचं म्हणणं.

रविवार आला की हे जुना सदरा चढवून गाडीखाली शिरत. बाहेर दिसत ते फक्त दोन पाय. कुणी पक्षकार आला तर त्या पायांशी बोलून, त्यांचाच सल्ला घेऊन परत जाई. माझी पितळी परात रॉकेलमध्ये सुटे भाग बुडवायला गेली ती गेलीच. दिव्यांच्या कडा चिंचेने घासायचं काम माझ्याकडे होतं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक हे कायद्याच्या पुस्तकासारखं वाचत. एखादा बोल्ट ढिला राहिलाय असं मी दाखवलं, तर म्हणत, "पुस्तकात 'कसावा' असं आहे. 'कसलाच पाहिजे' असं कुठं आहे?" सगळं जोडून झालं की दोन-चार नट हमखास उरत. साहेबलोकांना उधळपट्टीची सवय, एवढाच त्याचा अर्थ. सासूबाईंनी त्यातले चार निवडून दुधावरच्या फडक्याच्या कोपऱ्यांना बांधले. आमच्या घरात त्या गाडीचा रोजचा उपयोग झाला तो तेवढाच.

गाडी चालू करायला पुढून हँडल मारायची सोय होती. पण एकदा ते उलटं फिरलं, ह्यांचं मनगट सुजलं, आणि हँडल कायमचं फडताळात गेलं. मग राहिलं ढकलणं. त्याला माणसं लागत, आणि कोर्टाच्या गावात रिकामी माणसं कमी नसतात. बांधाच्या भांडणावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद तारखेला येत आणि आमच्या शेळीला एकाच बाजूने जोर लावत. नातेवाइकांकडे जायचं तरी आधी त्यांच्या दारापुढचा उतार आठवावा लागे. उतारावरचे ते आमचे जवळचे झाले. सपाटीवरच्यांशी जिव्हाळा आपोआप कमी झाला.

पण मागून ढकलताना आत कुणीतरी हवं. ह्यांना मागे राहून हुकूम सोडायचे होते, ह्यांचा कारकून अंगाने भारी, तेव्हा उरले मी. सासूबाईंनी लगेच हरकत घेतली. "बाईमाणूस गाडी चालवतंय, गाव काय म्हनंल?"

ह्यांनी आईपुढे मुद्दा मांडला. चालवणं वेगळं, धरणं वेगळं. सून स्टिअरिंग फक्त धरणार. चालवणारे हेच, ते मागे आहेत इतकंच. लायसनही ह्यांच्याच खिशात होतं. पुण्याला शिकताना मित्राच्या गाडीतून मैदानाला फेऱ्या मारून मिळवलेलं. सासूबाईंना यातलं काही कळलं नाही, म्हणून त्यांनी मान्य केलं. ह्यांची वकिली बरीचशी अशीच चालायची.

मला सूचना एकच होती. "नुसतं धर. मी सांगितलं की क्लच सोड. बाकी कशाला हात लावू नकोस."

क्लच सोडला. शेळीने आचका दिला, खोकली आणि सुटली. ढकलणारे सगळे मागेच राहिले. थांबावं तर पुन्हा बंद पडणार, म्हणून थांबायचीही चोरी. तशीच एसटी स्टँडपर्यंत गेले, तिथे वळसा घातला आणि परत आले, तेव्हा हे धावत येऊन डावीकडून उडी मारून बसले. जागा बदलायची तर गाडी थांबवावी लागणार. त्यामुळे आम्ही निघालो होतो त्या गावापर्यंत मीच धरून गेले. पुढे प्रत्येक वेळी तसंच होऊ लागलं. गिअरसुद्धा मीच धरायला लागले. पुण्याला मात्र आम्ही एसटीनेच जात असू, कारण धरणं आणि चालवणं यातला फरक तिथल्या पोलिसाला कितपत पटेल याची ह्यांनाही शंका होती.

घरापासून स्टँडपर्यंतचा तो टप्पा माझा एकटीचा असायचा. पदर सावर, हळू बोल, असं सांगायला शेजारी कुणी नाही. मी वळवीन तिकडे गाडी वळायची. मला इतका आनंद व्हायचा की मोठ्याने ओरडावंसं वाटे. सासरी आल्यापासून माझ्या मनाने हलणारी ती एकच वस्तू होती. ती जागा माझ्याकडे राहावी, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी गाडी धड न होणं भाग होतं. दर रविवारी मी ह्यांना चहा नेऊन द्यायची आणि मनातल्या मनात शेळीला म्हणायची, बाई, ऐकू नकोस ह्यांचं.

गावाला कायद्यातली बारीकसारीक कलमं कळत नाहीत. गावाने पाहिलं ते असं की बाई गाडी चालवत्यात आणि वकीलसाहेब ढकलत्यात. एके दिवशी विरुद्ध बाजूचे वकील भर कोर्टात म्हणाले, की माझे विद्वान मित्र गाडीप्रमाणे खटलाही मागूनच ढकलतात. सगळं कोर्ट हसलं. हे घरी आले ते न जेवता झोपले, आणि सकाळी उठून डायनॅमो पोत्यात घालून पुण्याला निघाले. त्यातली तार नव्याने गुंडाळून आणली, नवी बॅटरी आणली. बरोबर एक मिस्त्री आला, त्याने सेल्फ दुरुस्त केला. ह्यांनी सेल्फचं बटण ओढलं आणि शेळी पहिल्या हाकेला उठली. आळीतली माणसं ढकलायला सवयीने बाह्या सरसावून आली होती, ती तशीच उभी राहिली.

आता उजवीकडे हे बसले. मांडीवर पिशवी घेऊन मी डावीकडे बसले. मला कुणी उठवलं असंही नाही. गाडी सुधारली म्हणजे माझं काम संपलं, हे सगळ्यांना इतकं उघड दिसत होतं की त्यावर बोलायचं काय? हे गाडी चालवत ते खटला चालवावा तशी. आधी बराच वेळ प्रास्ताविक, मग एकदम जोर, आणि समोर म्हैस आली की कामकाज तहकूब. मी आठवडाभर ह्यांच्याशी धड बोलले नाही. माझं डोकं दुखतंय अशी ह्यांची समजूत झाली आणि ह्यांनी मला बाम आणून दिला.

त्याच वर्षी चैत्रात माझ्या माहेरच्या गावची, रिह्याची जत्रा होती. आम्ही नेहमीसारखे गाडीने गेलो. गाडी दारात थांबली तशी माझी थोरली चुलती पुढे आली आणि मला बघून थबकली.

"आगं, तू हिकडल्या अंगाला कशी? गाडी काढून घेतली व्हय तुझ्याकडनं?"

मी हसण्यावारी नेलं. हे मात्र उत्साहाने सांगू लागले: नवी बॅटरी, सेल्फ, आता कुणी ढकलायला नको, की आत कुणी धरायला नको. चुलतीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"गाडी नीट झाली, लई बेस झालं," ती म्हणाली. "पर जावईबापू, हिचं काय बिघडलं व्हतं?"

त्या दिवशी हे पानावर मान खाली घालून जेवले, आणि आग्रह झाला तेव्हा वाढलं ते सगळं खाल्लं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

निघताना सगळी भावकी दारात जमली. ह्यांनी बटण ओढलं, गाडी चालू झाली. मग हे खाली उतरले आणि मागे गेले. मला वाटलं, चाकात काही आहे. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी वळून पाहिलं. हे कोट काढून खांद्यावर टाकत होते. मग वाकून दोन्ही हात गाडीला लावले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी उजवीकडे सरकले.

माझे एक म्हातारे चुलते काळजीने ह्यांच्याजवळ गेले. "वकीलसाहेब, गाडी चालू हाय की."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "तुम्ही हात लावा."

मी क्लच सोडला.