अण्णांनी कापलेली सीट

पिंपळे गुरवच्या गॅरेजात मेकॅनिकने आमच्या जुन्या मोटरसायकलची फाटलेली सीट उसवली, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला आणि तोच उग्र वास नाकात शिरला. आतल्या फोमवर ब्लेडच्या वेड्यावाकड्या खुणा अजून तशाच होत्या.

मला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा घरात गाडी एकच होती. दिवसा ती मी नेणार, रात्रपाळीला अण्णा, म्हणजे माझे वडील. पण माझे पाय जमिनीला पुरेनात. मग एका रविवारी अण्णांनी दारात बसून हॅक्सॉ ब्लेडने फोम चार बोटं कापला आणि सोल्युशन लावून रेक्झिन पुन्हा चिकटवलं.

"टेकले का गं?"

"टेकले, अण्णा!"

मग ते स्वतः बसून बघायला लागले. सहा फुटी माणूस, गुडघे थेट हँडलला लागले. मी पोट धरून हसले. तेही हसले. "माझं काय, मी घेईन जुळवून."

पुढे नऊ वर्षं ते तसेच गुडघे दुमडून कामावर गेले. सकाळी घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळत बसायचे आणि मी जाता जाता म्हणायचे, "वयच झालं तुमचं."

"ताई, नवा फोम टाकतोय. सीट पहिल्यासारखी उंच करू?" मेकॅनिकने विचारलं.

"नको," म्हटलं. उंच असं घरात आता कुणीच उरलेलं नाही.