नानांचा नळ गळतोय

पिंपळनेरच्या बाहेर आमची वसाहत आहे. तिच्या शेवटच्या घरात बन्सीलाल नाना राहतात. एसटीत कंडक्टर होते. गाडी भरल्याशिवाय घंटी मारायची नाही, हा त्यांचा स्वभाव निवृत्तीनंतरही गेला नाही. फक्त घरात कोणी उरलं नाही, एवढंच.

त्यांची बायको केसरबाई हापशीवरून हंडा आणताना पडल्या आणि गुडघा गेला. मुलगा रविंद्र त्यांना धुळ्याला घेऊन गेला. जाताना त्या म्हणाल्या, "दारम्हा नळ ई, तवयच मी येसू." त्या दिवसापासून दारात नळ आणण्यावाचून नानांना दुसरं काही सुचेना.

नळाचं काम कशापायी अडलं होतं, ते ऐका. पाणीवाले म्हणत, विजेचा खांब हलवा, मग पाइप टाकतो. वीजवाले म्हणत, रस्त्याची आखणी होऊ द्या, मग खांब हलवतो. रस्तेवाले म्हणत, आधी पाइप पडू द्या, नाहीतर केलेला रस्ता पुन्हा खोदाल. तिघांच्याही यादीत हे काम सगळ्यात वर. वा रे वर! तिघं तीन वेगळ्या वारांना पाहणीला येत, नानांच्या ओट्यावर चहा पीत आणि बाकीच्या दोन खात्यांच्या नावाने बोटं मोडत. एकमेकांचं तोंड मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. नाना चिडायचे, पण खरं सांगतो, कोणी आलं की खुलायचेही.

मागच्या थंडीत नानांनी तिघांना भरीत खायला बोलावलं. बाकीचे दोघं येणार, हे कुणालाच सांगितलं नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचायला घेतली. शेजारधर्म म्हणून मिरच्या माझ्याकडे होत्या. तिघं आले, ओळखी झाल्या आणि मग अंगणात नुसतं खाकरणं.

"पानं वाढू का?" मी विचारलं.

"थांबा गुरुजी," नाना म्हणाले. "पहिले खांब कोठे जाई ते ठरू द्या. गाडी आजून भरनी नही."

सगळ्यांना हसू फुटलं. पाणी खात्याच्या ज्योत्स्ना मॅडम उठल्या आणि चुलीतली गार राख घमेल्यात घेऊन रस्त्यावर गेल्या. मागोमाग दोन्ही साहेब. बाहेर चांगलंच वाजलं. पण राखेच्या रेघा ओढून परत आले, तेव्हा खांबाची जागा, पाइपची बाजू, आधी कोणी यायचं, सगळं ठरलं होतं. बोटं चाटत जेवले.

होळीपर्यंत खांब हलला, पाइप पडला, रस्ता झाला. पाणी आलं त्या सकाळी नानांनी धुळ्याला फोन लावला आणि तो नळाजवळ धरला. भिजायचाच राहिला. "आयकं का? पानी उनं!"

"चांगलं जयं," केसरबाई म्हणाल्या. "पन साक्षीनी माय नोकरीले जास. पोरले कोन दखी? सुट्टीम्हा दखू."

साक्षी ही नात. सुट्टी आली नि गेली. मग तिची शाळा, मग पावसाळा, मग पुन्हा गुडघा. केसरबाईंचंही काही चुकत नव्हतं. एकदा नाना मला म्हणाले, "तीन खातास्ले एक दिन एकत्र बठाडं, गुरुजी. घरनी एक बाई माले बलावता येत नही." फार वाईट वाटलं.

ओट्यावर आता कोणी येत नाही. भरितापासून त्या तिघांची गट्टी जमली आहे. काम निघालं की एकाच जीपमधून येतात, झटपट उरकतात आणि जातात. वसाहतीचं भलं झालं. नानांचे पाहुणे गेले.

परवा नानांनी तक्रार केली, नळ गळतोय. जीप आली. ज्योत्स्ना मॅडमनी नळ उघडला, बंद केला. थेंबही पडत नव्हता. ओट्यावर चटई झटकून अंथरलेली होती आणि तिच्यावर धुतलेले कप मांडलेले होते. नाना खाली बघत उभे होते. दोघं साहेब घड्याळ बघू लागले.

मॅडमनी ड्रायव्हरला जीप बंद करायला सांगितली आणि चटईवर बसल्या.

"बराच गळतोय हो नाना," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. चहा टाका."