भरली टोपली

हिर्डोशीच्या वरच्या वाडीवरून ती आमच्या शाळेच्या दुपारच्या जेवणासाठी भाजी घेऊन यायची. नाव मी कधी विचारलं नाही. मुलं आजी म्हणत, मीही तेच म्हणे. डोक्यावरची टोपली उतरवली की ती चुंबळ झटकायची आणि एकेका भोपळ्यावरून हात फिरवायची, शाळेत घालायला आणलेल्या लेकरावरून फिरवावा तसा. निघताना स्वयंपाकाच्या बाई तिच्या टोपलीत मूठभर तांदूळ टाकायच्या. "रिकामी टोपली घरला न्हेऊ न्हाई, सर," ती मला सांगायची.

यंदा कुठल्याशा कचेरीत ठरलं आणि शिजवलेलं जेवण भोरहून टेम्पोनं येऊ लागलं. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर ते गार होई. शाळेतली चूल विझली. वाडीवर हे कुणी कळवलंच नव्हतं. ती आली तेव्हा मुलं खिचडी नुसती चिवडत बसली होती. भाजी आता नको, हे मलाच सांगावं लागलं.

तिनं ताटांकडे पाहिलं. "जेवत्यात न्हवं? मग झालं."

चुंबळ डोक्यावर ठेवून ती टोपलीपाशी वाकली आणि तशीच थांबली.

"सर, जरा हात लावा. माघारी जाताना ही कदी जड नसती."